दुसऱ्याची सकाळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. ज्या नोकरीवर माझं घर उभं राहिलं, ती मला मुलाखतीत सांगितलेल्या एका गोष्टीमुळे मिळाली आणि ती गोष्ट माझी नव्हती. दुसऱ्याच्या आयुष्यातली एक सकाळ मी माझी म्हणून सांगितली. ज्याची ती होती तो तेव्हा दाराबाहेर बाकावर बसला होता. एवढंच असतं तर कधीतरी बोलून मोकळा झालो असतो. त्या खोलीतून बाहेर आल्यावर मी जे केलं, ते सांगायला तोंड उघडत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. गल्ली विणकरांची. सकाळी कुणाची तरी पाजणी असायची. पाजणी म्हणजे लुगड्याच्या उभ्या धाग्यांचा सुती ताणा गल्लीभर ताणायचा, मध्ये मध्ये बांबूच्या कैच्या, फुलीसारखे टेकू, लावायच्या, आणि त्याला तांदळाची खळ पाजायची. मग दोघांनी दोन बाजूंनी मोठे कुंचे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं, सूत सुकेपर्यंत. मध्येच थांबलं तर धागे एकमेकांना चिकटतात आणि ताणा वाया जातो. म्हणून आमच्याकडे रीत अशी की कुणाचा ताणा ओला असला की शेजाऱ्यानं हातातलं काम टाकून यायचं. बोलावणं नसतं. ओल्या ताण्याजवळून कुणी नुसतं निघून जात नाही.

आमच्या घरी माग नव्हता. माझे वडील बाजारोबाजार कापड विकायचे, सानगडीच्या बाजारात त्यांची जागा ठरलेली होती. समोरच्या घरी मात्र दोन माग. त्या घरचा मुलगा माझ्याच वर्गात. एकाच वर्षी मॅट्रिकला बसलो.

गणिताच्या पेपराच्या दिवशी त्यांची पाजणी निघाली. त्याच्या वडिलांनी पहाटेच सुरू केली होती, पोरगा जायच्या आत आटपेल म्हणून. अर्धी खळ लागली आणि त्यांना चक्कर आली. बाजेवर आडवे केले. आई माहेरी गेलेली. त्यानं कंपास ओट्यावर ठेवला आणि कुंचा उचलला. शेजारची काकी, जी आयुष्यभर बाजूच्या घरी बसून मागाच्या धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरायची, ती दुसऱ्या बाजूनं चालू लागली. ढगही आले होते, सूत लवकर सुकेना. घंटा झाली तेव्हा तो गल्लीत होता. पेपर गेला. मग तो ऑक्टोबरला बसून पास झाला.

त्या सकाळी मीही घरून निघालो होतो. इस्त्रीचा शर्ट, हातात कंपास. त्यानं माझ्याकडे पाहिलं. काकी म्हणाली, "जरा हात लाव ना गा, दोन फेऱ्या." मी म्हणालो, "उशीर होऊन राहिला काकी." आणि ताण्याच्या कडेकडेनं, शर्टाला खळ लागू नये म्हणून अंग चोरून, निघून गेलो. मी मार्चमध्येच पास झालो.

चार वर्षांनी, पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार असेल, भंडाऱ्याला विणकरांच्या एका सहकारी संस्थेत कापड तपासनिसाची जागा निघाली. जागा एकच. आम्ही दोघांनीही अर्ज केला. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आपल्याबद्दल सांगा म्हणतात. आम्हाला त्याचा अर्थच लागेना. नाव, गाव, शिक्षण हे तर एका श्वासात संपतं.

"आपल्याबद्दल आपण का सांगाचं बे?" तो म्हणाला. "आपल्याबद्दल त सारं गाव सांगते."

"मंग गावालेच घेऊन जाय मुलाखतीले."

"काकीले नेतो. ती बसली बोलाले का साहेब लोक जागा सोडून पळतीन."

पण तो विचार करत होता. त्या महिन्यात त्यांच्या दोन पाजण्या झाल्या. त्या वेळी मी गेलो होतो हे सांगायला हवं, कारण मी नेहमीच अंग चोरलं असं नाही. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं मी. चालता चालता तो उत्तर म्हणून पाहायचा. "माझे वडील विणकर आहेत जी. गणिताच्या पेपरच्या दिवशी आमचा ताणा ओला होता..." टोकाला पोचला की थांबायचा, कुंचा झटकायचा, म्हणायचा, "बेस वाटते का? का रडगाणं वाटते?" आणि परत सुरुवातीपासून. शेवटचं वाक्य त्यानं बरेच दिवस बसवलं. मला ते सगळं पाठ झालं. मी पाठ केलं नव्हतं. कुंच्याच्या फेऱ्यांबरोबर ते अंगात गेलं.

मुलाखतीला आठ-दहा दिवस होते तेव्हाची गोष्ट. वडिलांबरोबर मी बाजारातून परत येत होतो. संस्थेचे एक संचालक आमच्याच गावात राहायचे. त्यांच्या फाटकातून तो बाहेर पडला. हातात कापडी पिशवी, रिकामी. मी मनाशी म्हणालो, रिकामी आहे म्हणजे जाताना भरलेली असणार. वडीलही म्हणाले, "हा कायले गेल्ता इथं?" बस. तेवढं पुरलं.

संध्याकाळी मी आडून विचारलं, "दुपारी कुठं गेल्ता?"

"कुठं नाई. असाच."

असाच! त्या दिवसापासून मला त्याच्या प्रत्येक गोष्टीत वशिल्याचा वास येऊ लागला. तो हसला तरी वाटायचं, याचं जमलेलं आहे. गप्प बसला तरी तेच. उत्तर घोकताना माझ्यासमोर एवढा घोळ घालतो तो नुसता देखावा, मला गाफील ठेवायला. एकदा त्यानं विचारलं, "तुह्या उत्तराचं का झालं?" मला वाटलं, हा माझा अंदाज घेतो आहे. मी म्हणालो, "पाहू तिथं." तो संचालकांकडे कशाला गेला होता हे मला आजही माहीत नाही. सरळ विचारलं असतं तर त्यानं सरळ सांगितलं असतं, असा तो होता. मी विचारलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी दोघं एकाच एस.टी.नं गेलो. त्याच्या आईनं दोघांना पुरतील इतक्या पोळ्या बांधून दिल्या होत्या. संस्थेच्या व्हरांड्यात बाकावर सात-आठ जण. त्याचा नंबर माझ्या आधी होता. शिपायानं हाक मारली तशी त्यानं माझा दंड धरला.

"तू जाय ना पयले. मले पोटात कसंतरीच होऊन राहिलं."

"असं चालते का?"

शिपाई वैतागून म्हणाला, "कोनीबी या बाप्पा, पन या."

मी उठलो. उठताना मनात काय आलं ते लिहितो. मला वाटलं, हा मला पुढं घालतो आहे. आत काय विचारतात ते माझ्याकडून काढून घेणार, मग तयारीनं जाणार. ज्याच्या पोटात खरंच कळ होती, त्याच्याबद्दल मी हे मनात घेऊन त्या खोलीत शिरलो.

आत तिघं होते. बोलणारे एकच, संस्थेचे सचिव. सडसडीत, चष्मा नाकावर उतरलेला. म्हणाले, "बसा. आपल्याबद्दल सांगा."

मी नाव सांगितलं, गाव, शिक्षण, वडील कापडाच्या धंद्यात.

"हे अर्जात आहेच," ते म्हणाले. "अर्जात नाही ते सांगा."

अर्जात नसलेलं माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी वयाच्या बावीस वर्षांत डोळ्यांसमोर धरून पाहावं असं काही केलेलं नव्हतं. पंखा फिरत होता. बाजूचे दोघे कागद चाळत होते. सचिवांनी घड्याळाकडे पाहिलं. आणि मी बोलू लागलो, "गणिताच्या पेपरच्या दिवशी आमचा ताणा ओला होता जी..."

अडखळलो नाही. वडिलांची चक्कर, ओट्यावर ठेवलेला कंपास, ढग, सगळं नीट लागोपाठ आलं. आमच्या घरात कधीही नसलेला माग मी तिथं उभा केला. इतकंच काय, ताण्याजवळून अंग चोरून गेलेला एक मुलगाही मी त्यात घातला. हे त्याच्या उत्तरात कधी नव्हतं. "एक शेजारी तसाच निघून गेला जी, पण त्याचा राग नाही." हे वाक्य मी कुठून आणलं, देव जाणे.

सचिवांनी पेनाचं टोपण लावलं. "वाईट नाही वाटत? वर्ष गेलं."

मग मी त्याचं शेवटचं वाक्य म्हटलं. "पेपर ऑक्टोबरले पुन्हा येते जी. ताणा नाई येत."

तिघांनीही वर पाहिलं. माझी गुणपत्रिका त्यांच्यासमोर फायलीत होती. तिच्यावर मार्च छापलेलं होतं. एक पान उलटायचं होतं फक्त. कुणी उलटलं नाही.

बाहेर आलो. तो उभाच होता, शर्टाची कॉलर नीट करत. शिपाई आत कागद द्यायला गेला होता. अर्धा मिनिट असेल.

"का इचारलं बे?"

"सूत, पोत, असंच."

"आपल्याबद्दल सांगा म्हनलं का?"

"म्हनलं."

"मंग मी माहा तेच सांगू ना?"

मी म्हणालो, "तेच सांग."

सुरुवातीला म्हणालो, तोंड उघडत नाही, ते हेच. खोलीत जे झालं त्याला मी भीती म्हणू शकतो, गोंधळ म्हणू शकतो. 'तेच सांग' या दोन शब्दांना दुसरं नाव नाही. आत गेल्यावर त्याचं काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मला वाटलं, याचा वशिला आहेच, काहीही सांगितलं तरी याचंच होईल, मग सांगू दे. असं वाटलं, हेही खरं. पण ते वाटून घ्यायला मला वेळ मिळाला होता, म्हणजे त्याला सावध करायलाही मिळाला होता.

तो दहा मिनिटांत बाहेर आला. माठातलं पाणी प्यायला. म्हणाला, "चाल. तीनची गाडी भेटते."

"का इचारलं?"

"तेच."

गाडीत त्यानं पोळ्यांचं फडकं सोडलं आणि मला आधी दिल्या. मी चोरून त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. याला आत काय कळलं? काही कळलंच नसेल का? त्याच्या चेहऱ्यावरून मला काही काढता आलं नाही. तो खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाहत राहिला.

महिन्याभरानं मला पत्र आलं. सर्वांत आधी तो आला. "बेस झालं गड्या," म्हणाला. त्याचा वशिला होता अशी माझी जी खात्री होती, ती त्या पत्रानं खोटी ठरवायला हवी होती. मी मात्र नवी शंका काढली. हा इतका आनंद का दाखवतो आहे?

नोकरीला लागून सहा महिने झाले असतील. एकदा नाकाडोंगरीच्या बाजूला टसर रेशमाच्या कोशांची खरेदी पाहायला सचिवांबरोबर गेलो होतो. झाडाखाली डबा खाताना ते रंगात येऊन म्हणाले, "तुला एक गंमत सांगायची राहिली. मुलाखतीत तुझ्या मागून एक जण आला, तुझ्याच गावचा. तीच गोष्ट, तेच शब्द! मी विचारलं, ही गोष्ट कुणाची? म्हणाला, माझी. म्हटलं, मग आत्ता गेला त्याची? तर दाराकडे बघत बसला. चोर सापडला की असाच बघतो. दाराला कान लावून बसला असणार लेकाचा."

मी हसलो. त्यांच्याबरोबर, तोंडात घास असताना, हसलो.

म्हणजे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. त्याला विचारलं गेलं होतं आणि माझं नाव घेणं त्याच्या हातात होतं. ऑक्टोबर छापलेली त्याची गुणपत्रिका समोरच फायलीत होती. "कागद पाहा जी," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते न म्हणता तो बाहेर आला, आणि गाडीत मला पोळी दिली.

यानंतर माझा संशय पालटला. आधी वाटायचं, याला काय माहीत आहे? आता वाटू लागलं, माहीत असून हा गप्प का आहे? कशासाठी राखून ठेवतो आहे? माझं काम रोज कापड तपासण्याचं. भिंगाखाली धागे मोजायचे, कोशाच्या सुतात भेसळ आहे का पाहायला टोकाचा धागा जाळून वास घ्यायचा. जळत्या केसांसारखा वास आला की रेशीम खरं. माणसाला असं जाळून बघता येत नाही. तो महिन्यातून एकदा लुगडी घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहायचा आणि आता मला साहेब म्हणायचा.

"तपासा साहेब. नीट तपासा."

ते 'नीट' मला टोचायचं. त्यात टोमणा आहे का? बाकीचे विणकरही हेच म्हणतात, पण हा म्हणतो तेव्हा वेगळं का ऐकू येतं? एकदा त्याच्या पदरात दोन ठिकाणी धागा सुटला होता, मी तसाच पहिल्या दर्जात घातला. मग धास्तावलो, लोक म्हणतील हा याला का झुकतं माप देतो? पुढच्या वेळी त्याचं चांगलं कापड मी दुसऱ्या दर्जात टाकलं.

तो म्हणाला, "बरं जी." घडी घालून बाजूला झाला.

आमच्या गावी यायचं सचिवांच्या फार मनात होतं, तुमचा माग दाखव म्हणायचे. मी दर वेळी काहीतरी काढायचो. वडील आजारी आहेत, पूर आहे, मागच विकून टाकला. हे शेवटचं सांगितल्यावर ते हळहळले.

असं दहा वर्षं चाललं. मग सचिव निवृत्त झाले. निरोपाचा एक कार्यक्रम विणकरांच्या गावात व्हावा असा त्यांचा हट्ट, आणि त्यांनी निवडलं आमचंच गाव. मी टाळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या. अख्खी गल्ली आली. तो मधल्या रांगेत बसला होता, बाजूला काकी, आता पार वाकलेली.

सचिव बोलायला उभे राहिले. दोन-चार वाक्यं झाली आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला कळलं, आता काय येणार.

"हा तुमच्या गल्लीचा मुलगा. मी याला मुलाखतीत विचारलं, स्वतःबद्दल सांग. तर यानं काय सांगितलं माहीत आहे?"

आणि त्यांनी ती सकाळ सांगितली. त्या गल्लीला. चक्कर आलेल्या वडिलांपासून ऑक्टोबरपर्यंत, सगळी. चार फेऱ्या मारून गेलेल्या काकीसकट, तसाच निघून गेलेल्या शेजाऱ्यासकट.

मग मागे कुजबुज झाली. काकीला कमी ऐकू यायचं, ती मोठ्यानं म्हणाली, "का म्हनते गा तो? ह्याच्या घरी कधी होता माग? ते त तुह्या—"

त्यानं काकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे काकी. साहेब बोलून राहिले."

"अवो पन मीच होती ना दुसऱ्या बाजूनं!"

"होती ना. राहू दे."

सचिवांना वाटलं लोक भारावून बोलताहेत. ते हसले. टाळ्या पडल्या, थोड्याशा, मागं-पुढं होत. माझे वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

मला उभं राहता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि सचिव अजून समोर होते. नोकरी गेली असती का? कदाचित नसती. मी सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत बसलो.

नंतर पोहे वाटले. तो बशी घेऊन माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता. दहा वर्षं राखून ठेवलेलं आता बाहेर काढतो हा. मी आजूबाजूला कोण ऐकतंय ते पाहिलं.

"साहेबायनं एक चुकवलं," तो म्हणाला. "काकीनं चारच फेऱ्या नाई मारल्या. पूर्ण सुकेपर्यंत होती ती. ते कोनी सांगत नाई."

मी म्हणालो, "हो का."

त्यानं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मी आणखी काही म्हणेन याची वाट पाहत असावा. मग बशी ठेवली आणि काकीला घरी पोचवायला गेला.

आता पन्नाशी जवळ आली. वडील गेले, काकी गेली. सचिवही गेले, ते गेले तेव्हा तो चोर आहे असंच समजत गेले, आणि ते मला आता दुरुस्त करता येणार नाही. त्याचे माग बंद पडले, तो धानाच्या गिरणीत कामाला जातो. भेटला की विचारपूस करतो. त्याच्या मनात काय असेल हा संशय मी कधीच सोडून दिला आहे. ज्याच्यावर संशय घ्यायचा होता तो माणूस मीच होतो.

माझं देणं सरळ आहे. त्याच्या दारात जाऊन, गल्ली ऐकेल अशा आवाजात, सांगायचं आहे की मी त्याची गोष्ट चोरली, आणि त्याला जाणूनबुजून आत पाठवलं. ते मी अजून दिलेलं नाही.